सार्वजनिक फाइल आणि सार्वजनिक ग्रंथ : बांद्याच्या साधनांच्या अनुषंगाने

१

एखादा लेख, ग्रंथ अथवा कागद सार्वजनिक केव्हा झाला असे म्हणावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी सोपा वाटतो. क्लाउडमध्ये, म्हणजे दूरस्थ संगणकांवरील भाड्याच्या वा विनामूल्य साठवणीत, ठेवलेल्या फाइलीच्या बाबतीत तर तो अधिकच सोपा भासतो. फाइलीच्या परवानगीचा तक्ता उघडावा, 'मर्यादित' या पर्यायाच्या जागी 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडावा आणि ती लिंक इष्टमित्रांस पाठवावी, एवढे केले की साधने खुली झाली, अशी समजूत मराठी संशोधनाच्या क्षेत्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत रूढ झाली आहे. प्रबंधांच्या प्रस्तावनांतून व चर्चासत्रांच्या निबंधांतून 'सदर हस्तलिखित ड्राइव्हवर उपलब्ध आहे' असे वाक्य आढळते. ते वाचणाऱ्याचे समाधान होते आणि लिहिणाऱ्यास एक कर्तव्य पार पडल्याचा आनंदही मिळतो.

या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठीत 'सार्वजनिक' या शब्दाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो भरीव अर्थ प्राप्त झाला, तो ध्यानात घेतल्यास या चिकित्सेची आवश्यकता पटेल. १८७० मध्ये स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा, १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेला जोतीराव फुले यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म', १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव या तिन्ही ठिकाणी या शब्दाने केवळ दार उघडे असल्याचा बोध होत नाही. जे सर्वांचे आहे, ज्यावर सर्वांचा हक्क आहे आणि ज्याची जबाबदारी कोणीतरी उघडपणे पत्करली आहे, ते सार्वजनिक, असा त्याचा आशय आहे. क्लाउडमधील खुली फाइल या कसोटीस कितपत उतरते, हे पाहण्यासाठी एखाद्या मोठ्या शहराऐवजी बांद्यासारखे सीमेवरचे गाव घेणे अधिक उद्बोधक ठरते. कारण साधनांच्या उपलब्धतेचा प्रश्न तेथे चर्चेचा नसून रोजच्या गरजेचा आहे.

२

प्रथम या साठवणीचे कार्य कसे चालते ते पाहणे इष्ट होय. ॲमेझॉन कंपनीने आपली 'एस-थ्री' ही साठवण २००६ मध्ये सुरू केली. 'गूगल ड्राइव्ह' २०१२ मध्ये आली. पहिलीचा उपयोग मुख्यतः संस्था व तंत्रज्ञ करतात, दुसरीचा सामान्य माणूस. दोहोंत फाइल मूलतः बंद असते आणि ती उघडण्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर फाइल केवळ मालकाची. दुसऱ्या पायरीवर नाव घेऊन निमंत्रिलेल्या व्यक्तींची. तिसऱ्या पायरीवर जिला पत्ता ठाऊक आहे अशा कोणाही व्यक्तीची. चौथ्या पायरीवर ती सूचीत नोंदलेली, शोधात सापडणारी, म्हणजे पत्ता ठाऊक नसलेल्या माणसासही गाठता येणारी. तिसरी व चौथी पायरी यांतील अंतर हाच या विषयाचा गाभा आहे आणि नेमके तेच सामान्य व्यवहारात पुसले जाते.

एस-थ्री साठवणीत हे अंतर तांत्रिक नियमांतही स्पष्ट राखलेले आहे. तेथे फाइल वाचण्याची परवानगी वेगळी आणि ज्या पात्रात, म्हणजे 'बकेट'मध्ये, ती फाइल आहे त्यातील फाइलींची यादी पाहण्याची परवानगी वेगळी. पहिली आहे पण दुसरी नाही, अशी स्थिती असल्यास वाचकास ज्ञात पत्त्यावरील फाइल मिळते. तिच्या शेजारी दुसरे काय आहे ते त्यास कळत नाही. ग्रंथालयाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पुस्तक मागितल्यास देण्यात येते, पण ग्रंथसूची दाखविली जात नाही. ज्याला पुस्तकाचे नाव आधीच माहीत आहे त्याचेच काम अशा ग्रंथालयात होते.

उलट दिशेने होणारा दोषही तितकाच घातक आहे. जून २०१७ मध्ये अमेरिकेतील सुमारे १९ कोटी ८० लाख मतदारांची माहिती अशाच एका उघड्या राहिलेल्या बकेटमध्ये आढळली. कोणी कुलूप तोडले नव्हते. परवानगीचा तक्ता नीट न वाचल्याचा तो परिणाम होता. अशा प्रकारांनंतर ॲमेझॉनने २०१८ मध्ये सार्वजनिक प्रवेश सरसकट रोखण्याची सोय आणली आणि एप्रिल २०२३ पासून नव्या प्रत्येक बकेटला ती आपोआप लागू केली. आता फाइल खुली करावयाची असल्यास ही अडसर आधी हेतुपूर्वक काढावी लागते. खुलेपणा हा अनवधानाने घडणारा अपघात नसून विचारपूर्वक घ्यावयाचा निर्णय आहे, हे तत्त्व यंत्राच्या रचनेतच आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. संशोधकांच्या व्यवहारात मात्र ते अद्याप आलेले नाही.

पत्त्याच्या स्थैर्याचा प्रश्न याहून वेगळा. सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलने सुरक्षिततेच्या कारणास्तव ड्राइव्हवरील अनेक जुन्या लिंकांत एक नवी किल्ली अंतर्भूत केली. त्यामुळे ज्यांनी ती फाइल पूर्वी उघडली नव्हती अशा वाचकांना छापील तळटीपेतील जुनी लिंक निरुपयोगी ठरण्याचा संभव निर्माण झाला. २०२३ मध्ये त्याच कंपनीने दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती त्यांतील फाइलींसह काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरपासून ते अमलात आणण्यास आरंभ केला. संशोधक निवर्तला अथवा त्याने नवे खाते उघडले, तर त्याने 'सार्वजनिक' केलेल्या हस्तलिखितांचे काय होईल, याचे उत्तर या धोरणात आहे. विद्यापीठाने दिलेले खाते असल्यास विद्यार्थी विद्यापीठ सोडताच ते बंद होण्याची शक्यता राहते. वैयक्तिक खात्यातील खुली फाइल ही मालकाच्या हयातीपुरती व मर्जीपुरतीच सार्वजनिक असते, असा निष्कर्ष यातून निघतो.

३

आता बांद्याकडे वळावे. तेरेखोल नदीच्या काठचे, सावंतवाडी तालुक्यातील आणि आज मुंबई-गोवा महामार्गावर गोव्याच्या हद्दीस लागून असलेले हे गाव सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज प्रवासी दुआर्ते बार्बोझा याच्या वृत्तांतात व्यापाराचे ठिकाण म्हणून येते. आदिलशाहीत ते महत्त्वाचे ठाणे होते; पुढे ते सावंतवाडी संस्थानात राहिले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ते रत्नागिरी जिल्ह्यात आणि १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात आले. या राजकीय स्थित्यंतरांचा परिणाम असा की बांद्याच्या इतिहासाची साधने बांद्यात थोडी आणि बांद्याबाहेर फार आहेत. पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखागारात, ज्याची परंपरा १५९५ मधील दियोगु दु कोउतु याच्या नेमणुकीपर्यंत मागे जाते. मोडी कागद पुणे व कोल्हापूर येथील दप्तरांत. इंग्रजी कागद मुंबईस व लंडनला. बांद्याच्या नट वाचनालयात बसून अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास यांपैकी एकही ठिकाण हाताशी नाही. क्लाउड साठवणीचे आश्वासन त्याच्यासाठीच सर्वांत मोठे आहे आणि ते फसले तर सर्वांत मोठी निराशाही त्याचीच आहे.

वाङ्मयाच्या बाजूने पाहता बांद्याचे नाव सोहिरोबानाथ अंबिये यांच्याशी जोडलेले आहे. १७१४ मध्ये पेडण्यास जन्मलेला हा नाथपंथी कवी बांद्यास वाढला आणि तेथे त्याने कुलकर्णीपणाची वृत्ती सांभाळली. सावंतवाडीकरांच्या बोलावण्यावरून जात असता इन्सुलीच्या परिसरात त्यास नाथसिद्धाचे दर्शन घडले आणि त्यानंतर त्याने दप्तर खाली ठेवले, असे परंपरा सांगते. पुढे तो उत्तरेकडे गेला; महादजी शिंदे यांच्याशी झालेल्या त्याच्या भेटीची हकीकत प्रसिद्ध आहे, आणि १७९२ मध्ये उज्जैनहून तो दिसेनासा झाला असे सांगतात. 'सिद्धांतसंहिता', 'अद्वयानंद', 'पूर्णाक्षरी', 'अक्षयबोध' व 'महदनुभवेश्वरी' हे त्याचे ग्रंथ होत. याखेरीज त्याची पदे दक्षिण कोकणात व गोव्यात भजनांतून आजही म्हटली जातात.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या चरित्रातील कुलकर्णीपणा अर्थपूर्ण आहे. कुलकर्णी हा गावचा लेखनाधिकारी. जमाबंदी, वहिवाट, इनामे, तंटे यांचे कागद त्याच्या हाती असत. कागद गावाचे, पण ते बांधलेले रुमाल त्याच्या घरी. कोणता कागद कोणत्या रुमालात आहे हे त्यालाच ठाऊक. रयतेस कागद पाहण्यास मज्जाव होता असे म्हणता येणार नाही. पण कोणता कागद मागावा हे कळण्यासाठीही तिला कुलकर्ण्याकडेच जावे लागे. या व्यवस्थेत सत्ता कुलुपात नव्हती, ती जाणतेपणात होती. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने संपुष्टात आली, तेव्हा गावच्या कागदांवरील घराण्याचा हा ताबा कायद्याने संपला.

'लिंक असलेला कोणीही' या पर्यायाने हीच व्यवस्था नव्या रूपाने परत येते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. एखाद्या प्राध्यापकाच्या ड्राइव्हवर शेकडो दुर्मिळ पुस्तकांच्या प्रती असतात. फोल्डर 'खुले' असते. त्याची लिंक त्याच्या विद्यार्थ्यांस, त्यांच्या मित्रांस, एखाद्या व्हॉट्सॲप गटास ठाऊक असते. या वर्तुळाबाहेरील विद्यार्थ्यास ते फोल्डर अस्तित्वात आहे हेच कळत नाही. आणि कळले तरी लिंक मागण्यासाठी त्यास ओळख काढावी लागते. अधिकार म्हणून जे मिळावयास हवे ते उपकार म्हणून मिळते. मालकाचा हेतू उदार असतो यात संशय नाही. मार्च २०२० नंतर टाळेबंदीत ग्रंथालये बंद असता अशा फोल्डरांनी अनेकांचे शोधकार्य तगविले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु औदार्य आणि सार्वजनिकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. औदार्याला हिशेब द्यावा लागत नाही. सार्वजनिक व्यवस्थेला तो द्यावा लागतो.

४

साधनांवरील ताबा व त्यांची प्रसिद्धी यांविषयीचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे जे खंड काढले त्यांमागे गावोगावची खाजगी दप्तरे धुंडाळून ती छापून सर्वांपुढे ठेवण्याचा ध्यास होता. १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तोच मार्ग पुढे चालविला. परंतु मराठेशाहीच्या कागदांचा सर्वांत मोठा साठा, म्हणजे सुमारे पस्तीस हजार रुमालांचे पेशवे दप्तर, सरकारच्या ताब्यात होते आणि अभ्यासकांना त्यात मुक्त प्रवेश नव्हता. अखेरीस गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले.

या प्रसंगी जो मतभेद झाला तो आजही मननीय आहे. जदुनाथ सरकार व सरदेसाई यांच्या मते प्रचंड अव्यवस्थित राशीतून जाणत्याने निवड करून ती नीट छापणे हे प्रथम कर्तव्य होते. पुण्याच्या संशोधकांचे म्हणणे असे की निवड हीच एक प्रकारची झाकपाक आहे. दप्तर अभ्यासकांना खुले व्हावयास हवे. पहिल्या पक्षाने वाचनीयतेला महत्त्व दिले, दुसऱ्याने प्रवेशाला. निवडीच्या खंडांनी मराठ्यांच्या इतिहासलेखनाला मोठी चालना दिली हे खरे. आणि जे निवडले गेले नाही ते पुढे दीर्घ काळ अभ्यासाबाहेर राहिले, हेही खरे.

क्लाउड साठवणीने हा वाद दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कायमचा निकालात काढला, असे वरवर पाहता वाटेल. निवडीची गरजच उरली नाही. सगळे रुमाल छायांकित करून खुले करता येतील. परंतु येथे एक भ्रम आहे. छापील खंडात संपादक निवड करतो आणि ती त्याच्या नावावर असते; तिच्यावर टीका करता येते. विशाल अंकीय संग्रहात निवड शोधयंत्र करते. पहिल्या पानावर जे येते ते वाचले जाते, उरलेले असून नसल्यासारखे होते. या निवडीला संपादक नाही, म्हणून तिला उत्तरदायित्वही नाही. तिला वाचकाच्या उपयोगी पाडण्याचे एकमेव साधन म्हणजे प्रत्येक फाइलीचे नेमके वर्णन : शीर्षक, कर्ता, काळ, स्थळ, लिपी, मूळ प्रत कोठे आहे, प्रत कोणी व केव्हा केली. हे वर्णन नसलेली खुली फाइल म्हणजे न सोडलेला रुमाल होय.

५

या दृष्टीने आज उपलब्ध असलेल्या संग्रहांकडे पाहिले असता मिश्र चित्र दिसते. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या उपक्रमाने या शतकाच्या आरंभी लक्षावधी भारतीय पुस्तकांची छायाचित्रे घेतली. २०१७ च्या सुमारास स्वामित्वहक्कांच्या प्रश्नामुळे त्याचे संकेतस्थळ बंद पडले. त्यातील फार मोठा भाग 'इंटरनेट आर्काइव्ह' या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संस्थेकडे प्रतिरूपाने पोचला होता, म्हणूनच तो वाचला. एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, हा धडा यातून मिळतो. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे खुद्द इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद राहिले, तेव्हा तो पुन्हा गिरविला गेला.

या संग्रहातील मराठी पुस्तकांचे वर्णन मात्र शोचनीय आहे. शीर्षके रोमन लिपीत आहेत. लिप्यंतराला एक नियम नाही. कित्येक ठिकाणी कर्त्याचे नाव भलतेच अथवा मुळीच नाही. पुस्तक तेथे आहे, ते खुले आहे, विनामूल्य आहे आणि तरीही ते सापडत नाही. 'बांदा' हे नावच उदाहरणादाखल घ्यावे. रोमन लिपीत ते लिहिले की उत्तर प्रदेशातील बांदा जिल्हा, इंडोनेशियातील जायफळांची बांदा बेटे आणि कोकणातील हे गाव यांत भेद उरत नाही. देवनागरीत शोधावे तर मराठीचे सामान्यरूप आडवे येते. 'बांदा' हा शब्द वाक्यात येताच 'बांद्यास', 'बांद्याहून', 'बांदेकर' अशी रूपे धारण करतो आणि साध्या शब्दशोधात 'बांदा' लिहून यांपैकी एकही हाती लागत नाही. कवीच्या नावाची तीच कथा : सोहिरोबा, सोयरोबा, सोहिरोबानाथ, अंबिये, आंबिये आणि पदांतील 'सोहिरा' ही मुद्रिका. इंग्रजीसाठी रचलेल्या शोधपद्धतीत या अडचणींचा विचार नाही. तो मराठीच्या अभ्यासकांनाच करावा लागेल; कारण नामरूपांची प्रमाणसूची तयार करणे हे भाषेचे काम आहे, यंत्राचे नव्हे.

याच्याशी तुलना करता राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथांचे केलेले अंकीकरण, विश्वकोशाची संकेतस्थळावरील आवृत्ती आणि मराठी विकिस्रोत यांत वर्णन मराठीत आहे, हा मोठा गुण होय. विकिस्रोतात पानाचे छायाचित्र व त्याचा टंकित पाठ शेजारी शेजारी ठेवले जातात आणि पाठाची तपासणी कोणत्या टप्प्यावर आहे ते उघड दाखविले जाते. पाठचिकित्सेच्या दृष्टीने ही पद्धत आदर्शाच्या जवळ जाते. वाचकास पाठावर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही. तो मूळ पान पाहून स्वतः निर्णय करू शकतो. सोहिरोबांच्या पदांसारख्या मुखपरंपरेत पाठभेद पावलेल्या रचनांना असा आधार विशेष उपकारक ठरेल. उलट अनेक जुन्या संगणकीय प्रती युनिकोडपूर्व टंकांत असल्यामुळे त्या उघड्या असूनही आज वाचता वा शोधता येत नाहीत.

६

खुलेपणाला मर्यादा असाव्यात काय, हा यापुढचा प्रश्न. भारतीय स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत १९९२ पासून साठ वर्षांची झाली. तिची गणना मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून होते. सोहिरोबांचा पाठ सर्वांचा आहे, हे निर्विवाद. १८८० चा रत्नागिरी व सावंतवाडी यांचा गॅझेटियर खंडही तसाच. सरदेसाई १९५९ मध्ये निवर्तले, तेव्हा 'मराठी रियासती'तील त्यांचा स्वतःचा मजकूर १ जानेवारी २०२० पासून मोकळा झाला. परंतु बांद्याच्या अभ्यासकास अत्यावश्यक असा पांडुरंग पिसुर्लेकर यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केला आणि ग्रंथकर्ते १९६९ मध्ये वारले. सामान्य नियम लावल्यास तो २०३० च्या आरंभापर्यंत मोकळा होत नाही. सोहिरोबांच्या आधुनिक आवृत्तीतही पाठ मोकळा आणि संपादकाची प्रस्तावना व टीपा बद्ध, अशी संमिश्र स्थिती असू शकते. सबंध पुस्तकाची फाइल उघडणाऱ्याला हा विवेक करावाच लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना स्वतःजवळील ग्रंथाची जतनासाठी अंकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली. पण जतन करणे आणि जगाला उघडे करणे यांत कायदा भेद करतो.

दुसरी मर्यादा व्यक्तीच्या खाजगीपणाची. कोकणातील घराण्यांच्या दप्तरांत पदांच्या बाडांशेजारी कर्जरोखे, जन्मपत्रिका, वाटणीपत्रे, दत्तकाचे कागद व वादांतील जबान्या एकाच रुमालात असतात. घराण्याने बाड वाचावयास दिले, याचा अर्थ वाटणीपत्र जगापुढे मांडण्यास संमती दिली असा होत नाही. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये दिला आणि संसदेने २०२३ मध्ये व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. परंतु कायद्याच्या आधी सभ्यतेचा प्रश्न आहे. सबंध फोल्डराला एकच परवानगी देण्याची जी सोय यंत्रात आहे ती येथे धोक्याची ठरते; कारण फोल्डर उघडताच त्यात आज असलेलेच नव्हे, तर उद्या चुकून टाकलेले कागदही उघडे होतात. एकदा उतरवून घेतलेली प्रत परत बोलावता येत नाही. ज्या घराण्याला असा अनुभव एकदा येईल ते पुन्हा कोणा संशोधकाला माडीवरची पेटी उघडू देणार नाही, आणि ही हानी एका फाइलीपुरती राहणार नाही.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. फाइल सार्वजनिक होण्यास वाचनाची परवानगी ही अट आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. तिच्या जोडीला टिकाऊ पत्ता, शोधता येईल असे वर्णन, एकाहून अधिक ठिकाणी प्रती, हक्कांचे स्पष्ट निवेदन आणि उत्तरदायी संस्था या पाच गोष्टी असाव्या लागतात. वैयक्तिक ड्राइव्ह यांपैकी एकीचीही हमी देत नाही. म्हणून तिच्यावरील खुल्या फोल्डराला कार्यशाळेतील मेज म्हणावे. त्यास ग्रंथालय म्हणू नये.

विद्यापीठीय विभागांपुढे याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमानंतर प्रबंधांची अंकीय प्रत 'शोधगंगा' या भांडारात ठेवण्याची प्रथा पडली. तेथे प्रत्येक प्रबंधाला स्थिर पत्ता मिळतो आणि तो संस्थेच्या जबाबदारीवर टिकतो. प्रबंध जर अशा रीतीने सुरक्षित राहतो, तर त्याच्या पायाशी असलेली हस्तलिखिते, ध्वनिमुद्रणे व मोडी लिप्यंतरे वैयक्तिक खात्यात का सोडावीत? प्रबंधाच्या परिशिष्टात ड्राइव्हची लिंक देणे परीक्षकांनी पुरेसे मानू नये. साधनांची सूची मराठीत, नामरूपांच्या पर्यायांसह, विभागाच्या वा ग्रंथालयाच्या नावे नोंदली जावी. मूळ प्रतीच्या धन्याची लेखी संमती तीसोबत असावी. जे कागद उघडे करावयाचे नाहीत त्यांची नोंद मात्र उघडी असावी, म्हणजे ते अस्तित्वात आहेत आणि कोणत्या कारणाने बंद आहेत हे पुढील अभ्यासकास कळेल.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. या दोहोंच्या मध्ये असलेल्या बांद्याच्या विद्यार्थ्याला त्या काळी दोन्ही ठिकाणे सारखीच दूर होती. आज अंतराची अडचण बऱ्याच अंशी संपली आहे. उरली आहे ती पत्ता ठाऊक नसण्याची, नाव न जुळण्याची आणि उद्या ती फाइल तेथे असेल की नाही याची. या अडचणी यंत्राने निर्माण केलेल्या नाहीत. त्या साधने हाताळणाऱ्यांच्या सवयींतून आल्या आहेत आणि त्यांचे निवारणही त्यांच्याकडूनच व्हावयाचे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर अंकीकरणाच्या योजनांना वेग येणे स्वाभाविक आहे. त्या योजनांचे मूल्यमापन किती लक्ष पाने उघडी झाली या संख्येवरून न करता, ओळख न काढता आणि लिंक न मागता किती अभ्यासक योग्य पानापर्यंत पोचले यावरून व्हावे, एवढेच या चिकित्सेचे प्रतिपादन आहे.